कार्ड निवडण्याआधी एक सांगा, किराणा कुठून भरता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सोलापुरात एका खासगी शाळेत शिक्षक आहात. हातात ५२ हजार पगार येतो, पत्नी घरी ब्लाउज शिवतात, मुलगी तिसरीत आहे. आजवर क्रेडिट कार्ड घेतलेलं नाही. आता रोजच्या खर्चासाठी वार्षिक फी नसलेलं, कॅशबॅक देणारं एकच कार्ड हवंय. चार एजंटांनी चार नावं सांगितली, इंटरनेटवरच्या याद्या वाचून गोंधळ आणखी वाढला आणि शेवटी तुम्ही विचारलंत, "सगळ्यात जास्त कॅशबॅक कोणत्या कार्डावर मिळतं?" सोबत महिन्याच्या खर्चाचे आकडेही दिलेत, ते फार बरं केलंत. त्या आकड्यांशिवाय या प्रश्नाचं उत्तर देताच येत नाही.

मी नवी पेठेत एकोणीस वर्षं कर सल्लागार म्हणून काम करते. जून-जुलैत रिटर्न भरायला माणसं येतात तेव्हा बँकेच्या स्टेटमेंटसोबत कार्डाचं स्टेटमेंटही माझ्या टेबलावर येतं. शिक्षक, नर्स, टॉवेल कारखान्यातले हिशेबनीस, मेडिकलवाले अशा शेकडो घरांची स्टेटमेंटं मी ओळ न् ओळ वाचली आहेत. कार्ड विकणं हा माझा धंदा नाही आणि कोणत्याही बँकेचं कमिशन मला मिळत नाही. पुढचं सगळं त्या वाचनातून आलेलं आहे.

तुमचा खरा प्रश्न "जास्त टक्के कुठे" हा नाहीच. जाहिरातीतले टक्के तुमच्या खर्चातल्या किती रुपयांना लागू होतात, हा आहे. तुमचेच आकडे घेते. घरभाडं ९,०००, किराणा ६,५००, दूध २,४००, भाजी २,५००, पेट्रोल २,०००, वीज १,४००, मोबाईल-इंटरनेट-गॅस १,९००, शाळेची फी २,५००, औषधं १,५००, ऑनलाइन खरेदी ३,०००, रेल्वेची तिकिटं आणि बाहेरचं खाणं १,८००, विम्याचा हप्ता महिन्यामागे २,०००. बेरीज ३६,५००. वाचणाऱ्याला वाटेल, वा, साडेछत्तीस हजारांवर ५ टक्के म्हणजे महिन्याला अठराशे सुटले. तसं होत नाही, आणि का होत नाही हे एकदा समजलं की कोणत्याही एजंटचं बोलणं तुम्हाला स्वतःला पारखता येईल.

कॅशबॅक येतं कुठून? तुम्ही दुकानात कार्ड स्वाइप केलं की दुकानदाराला पूर्ण पैसे मिळत नाहीत. शंभराला साधारण दीड-दोन रुपये कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्यातलाच एखादा रुपया बँक तुम्हाला परत करते. म्हणून कुठेही चालणारं साधं कॅशबॅक १ टक्क्याच्या आसपास घुटमळतं. ५ टक्के दिसले की समजायचं, वरचे चार टक्के कुठल्यातरी कंपनीच्या जाहिरातीच्या पैशातून येताहेत आणि ते फक्त त्या कंपनीकडे खरेदी केली तरच मिळणार. जिथे ही कपात मुळात कमी असते, म्हणजे पेट्रोल, वीजबिल, सरकारी भरणा, शाळा-कॉलेजची फी, विमा, तिथे बँकेच्याच हाती फारसं काही लागत नाही, म्हणून बहुतेक कार्डं तिथे काहीच देत नाहीत. पेट्रोलवर १ टक्का अधिभार माफ होतो, पण तो आपल्याला पडणारा जादा खर्च टळला इतकंच, कमाई नव्हे. घरभाडं कार्डावर भरण्याच्या फंदात तर पडूच नका. त्याचं शुल्क वेगळं लागतं आणि कॅशबॅक मिळत नाही.

आता तुमच्या यादीवर काट मारत जाऊ. भाडं गेलं, पेट्रोल गेलं, शाळा गेली, विमा गेला. दूधवाले आणि भाजीवाल्या मावशी रोख किंवा स्वतःच्या नावाच्या क्यूआरवर पैसे घेतात, तेही गेलं. वीज, मोबाईल, गॅस यांचं कार्डागणिक वेगळं असतं, म्हणून ते हिशेबात धरत नाही. मिळालं तर वरचं. उरलं काय? किराणा, औषधं, ऑनलाइन खरेदी, तिकिटं आणि हॉटेल. एकूण १२,८००. तुमच्या साडेछत्तीस हजारांपैकी इतक्याच पैशांवर कॅशबॅकचा विचार करायचा आहे, आणि त्यातला निम्मा एकटा किराणा आहे.

म्हणूनच शीर्षकात किराण्याबद्दल विचारलं. कार्डांच्या ज्या याद्या तुम्ही वाचल्यात त्या बहुतेक मुंबई-पुण्यातल्या माणसांसाठी लिहिलेल्या असतात. जेवण अॅपवरून, भाजी अॅपवरून, रिक्षा अॅपवरून. तसं घर असेल तर ऑनलाइनवर भरपूर देणारं कार्ड त्यांना परवडतं. आपल्याकडचं घर तसं चालत नाही. शेंगदाणे आणि ज्वारी पेठेतून येते, चटणी घरी नाहीतर ओळखीच्या बाईकडून, कापड फलटण गल्लीतून. दुकानदार पिढ्यान् पिढ्यांचा ओळखीचा असतो आणि त्याच्या गल्ल्यावर कार्डाचं मशीन नसतं, क्यूआर असतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती मी स्वतः दुकानात उभी राहून शिकले. मंगळवार पेठेत मी ज्यांच्याकडून किराणा भरते, त्यांच्या गल्ल्यावर दोन क्यूआर आहेत. एक त्यांच्या मुलाच्या नावाचा, घरच्या प्रिंटरवर छापून प्लास्टिकमध्ये घातलेला, कोपऱ्यात तेलाचा डाग पडलेला. दुसरा बँकेने दिलेला, शेजारी पैसे आल्याचं बोलून दाखवणारा छोटा डबा. माझं रुपे (व्हिसा-मास्टरकार्डसारखंच, पण भारतातलं कार्डांचं जाळं) क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं आहे. पहिला क्यूआर स्कॅन केला तर फोनवर कार्डाचं नाव पुसट दिसलं, निवडताच येईना, फक्त बचत खातं पुढे आलं. मी परत परत करत होते. शेवटी मालकच म्हणाले, "ओ ताई, त्या डब्यावाल्यावर स्कॅन मारा की." मारलं, आणि कार्डातून पैसे गेले.

त्याचं कारण साधं आहे. क्रेडिट कार्डावरून यूपीआय करायची सोय २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली, पण ती फक्त रुपे कार्डांना आहे आणि फक्त दुकानदार म्हणून नोंद असलेल्या खात्यांकडे पैसे पाठवायला आहे. एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्या माणसाच्या खात्यात क्रेडिट कार्डाने पैसे पाठवता येत नाहीत. मुलाच्या नावाचा क्यूआर म्हणजे बँकेच्या लेखी एक माणूस, दुकान नव्हे. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर डब्यावाला क्यूआरसुद्धा उपयोगाचा नाही. लहान दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर काही कापलं जात नाही. त्यामुळे तो सहसा कुरकुर करत नाही. मोठी रक्कम असेल तर मात्र "ताई, कार्ड नको" म्हणतो, आणि त्याचंही काही चुकत नाही.

म्हणजे तुमच्यासाठी दोन रस्ते झाले. किराणा डी-मार्टसारख्या ठिकाणाहून भरत असाल, जिथे मशीन आहे, तर कोणतंही कार्ड चालेल आणि विचार ऑनलाइन खरेदीचा करायचा. किराणा पेठेतून भरत असाल आणि दुकानदाराकडे डब्यावाला क्यूआर असेल तर रुपे कार्डाशिवाय तुमचा सगळ्यात मोठा खर्च कार्डावर येणारच नाही. मग बाहेर कितीही टक्क्यांची पाटी लावलेली असू दे.

पहिला रस्ता धरून हिशेब करून दाखवते. आजीवन मोफत असलेल्या कार्डांत अॅमेझॉन पे आयसीआयसीआय हे २०१८ पासून चालत आलेलं कार्ड आहे. अॅमेझॉनवर प्राइमच्या, म्हणजे त्यांच्या पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाच्या, सदस्यांना ५ टक्के, इतरांना ३ टक्के, बाकी बहुतेक ठिकाणी १ टक्का असा त्याचा ढाचा आहे. तुम्ही प्राइमचे सदस्य नाही असं धरते आणि ऑनलाइन खरेदी सगळी त्याच साइटवर होते असंही धरते. किराणा, औषधं, तिकिटं-हॉटेल मिळून ९,८०० वर १ टक्का म्हणजे ९८ रुपये. ३,००० वर ३ टक्के म्हणजे ९०. महिन्याला १८८, वर्षाला २,२५६ रुपये. किराणा कार्डावर आला नाही तर त्यातले महिन्याला ६५ कमी, म्हणजे वर्षाला १,४७६.

हे आकडे बघून हिरमुसू नका. सव्वादोन हजार रुपये म्हणजे मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो, आणि तो काही न करता निघतो. पण तुमच्या घरासाठी "सगळ्यात चांगलं" आणि "बऱ्यापैकी" या दोन कार्डांतला फरक वर्षाकाठी काही शे रुपयांचा आहे, इतकं मनात पक्कं धरा. त्या फरकासाठी रात्री जागून याद्या वाचायची गरज नाही.

एजंटने तुम्हाला प्राइम घ्यायला सांगितलं असेल, "मग ५ टक्के मिळतील". वर्षाच्या ३६,००० च्या खरेदीवर २ टक्के जास्त म्हणजे ७२० रुपये. वर्षाच्या प्राइमची किंमत १,४९९. सिनेमे बघायला किंवा सामान लवकर यावं म्हणून घेतलंत तर ठीक, कार्डासाठी घेऊ नका. दुसऱ्या दाराने आलेली ती वार्षिक फीच आहे. त्या कार्डाचं कॅशबॅक स्टेटमेंटमध्ये वजा होत नाही, अॅमेझॉन पे शिल्लक म्हणून जमा होतं, हेही ध्यानात ठेवा. कॅशबॅक या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, बिलातून सरळ वजा. दोन, एखाद्या वॉलेटमध्ये जमा. तीन, रिवॉर्ड पॉइंट. पॉइंट असतील तर एका पॉइंटचे किती पैसे हे विचारा. २५ पैसे हा भाव सर्रास दिसतो, आणि पॉइंट वटवायला कित्येक बँका वेगळं शुल्क लावतात. पहिल्या प्रकाराला माझी पसंती, कारण त्यात खर्च करायला पुन्हा कुठे जावं लागत नाही.

फीच्या कार्डांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एजंट विषय काढणारच, म्हणून सांगते. एसबीआयचं कॅशबॅक नावाचं कार्ड बरंच लोकप्रिय आहे. कोणत्याही एका साइटचं बंधन न ठेवता ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, हे त्याचं आकर्षण. फी ९९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९ रुपये. वर्षाला २ लाख खर्च केला तर फी माफ. तुमचा कार्डावर येऊ शकणारा खर्च वर्षाला १,५३,६०० आहे, म्हणजे फी भरावी लागणार. खरेदी वेगवेगळ्या साइटवर होत असेल तर १ टक्क्याऐवजी ५ टक्के मिळाल्याने १,४४० जास्त येतील, फी जाऊन हातात २६१ उरतील. सगळी खरेदी अॅमेझॉनवर असेल तर फायदा ७२० चा आणि फी १,१७९ ची, म्हणजे उलट तोटा. माझ्या अनुभवात खरा धोका निराळाच असतो. कार्डाचं वर्ष संपत आलं की माणूस "अजून चाळीस हजार खर्च केले की फी माफ" म्हणून मिक्सर घेतो, टीव्ही बदलतो. हजाराची फी वाचवायला चाळीस हजार मोडलेली स्टेटमेंटं मी दरवर्षी बघते. ज्यांचा ऑनलाइन खर्च महिन्याला दहा-पंधरा हजार आहे त्यांना ते कार्ड मी आनंदाने सुचवते. तुमचा तेवढा नाही.

टक्के कायमचे नसतात हेही धरून चाला. अॅक्सिसच्या एस कार्डावर एकेकाळी सगळीकडे सरसकट २ टक्के मिळायचे. २०२४ मध्ये ते दीड झाले. म्हणून कार्ड घेताना आजचे टक्के बघायचेच, पण टक्के घटले तरी ठेवायला काही पडणार नाही असं कार्ड निवडायचं. फी नसलेल्या कार्डाचा मला वाटणारा सगळ्यात मोठा गुण हाच आहे.

आता "फी नाही" या शब्दांबद्दल. २०१८ साली मी स्वतः एका बँकेचं कार्ड घेतलं. फोनवरची मुलगी स्पष्ट म्हणाली होती, "मॅडम, फ्री आहे." दुसऱ्या वर्षी स्टेटमेंटला ५९० रुपये लागून आले, ५०० फी आणि ९० जीएसटी. फोन केला तर उत्तर मिळालं, पहिलं वर्षच मोफत होतं. मी दुसऱ्यांचे कागद तपासते आणि माझ्या कागदावरची ती ओळ वाचली नव्हती. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते, "फ्री" ऐकून हो म्हणू नका. "आजीवन मोफत", "पहिलं वर्ष मोफत" आणि "इतका खर्च केला तर मोफत" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अर्जासोबत एक पानी मुख्य माहितीचं पत्रक द्यावंच लागतं. त्यात फी, व्याज, उशिराचं शुल्क सगळं असतं. ते पान हातात आल्याशिवाय किंवा फोनवर दिसल्याशिवाय ओटीपी देऊ नका. कार्डासोबत विमा किंवा कार्ड सुरक्षा योजना असं काही आधीच टिक करून ठेवलं असेल तर ती टिक काढा.

इथपर्यंत मिळकतीची बाजू झाली. आता जाण्याची बाजू, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्यासमोर बसून माणसं रडलेली आहेत ती या बाजूमुळे.

दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातले हिशेबनीस आले होते. चार घड्या घातलेलं स्टेटमेंट शर्टाच्या खिशातून काढलं. म्हणाले, "मॅडम, चौदा महिने झाले, हप्ता एकदाही चुकवला नाही, तरी रक्कम हलत कशी नाही?" बिल होतं ४२,००० चं. ते दर महिन्याला बिलावर छापलेली मिनिमम ड्यू, म्हणजे किमान भरायची, रक्कम भरत होते, सुरुवातीला २,१००. त्यांना तो ईएमआय वाटत होता. मी लाल पेन्सिलीने व्याजाच्या ओळीवर गोल केला. महिन्याला पावणेचार टक्के दराने ४२,००० वर १,५७५ रुपये, त्यावर जीएसटी २८३ रुपये ५० पैसे. भरलेल्या २,१०० पैकी १,८५८ व्याज आणि करात जात होते, मुद्दल कमी होत होतं २४२ रुपयांनी. रोजचे हिशेब लिहिणारा माणूस, पण स्वतःच्या कागदावरची ती एक ओळ त्यांना कुणी वाचून दाखवली नव्हती. त्याच पानावर खाली कॅशबॅक जमा झाल्याचीही ओळ होती. बँकेने आवळा देऊन कोहळा काढला तो असा. बायकोच्या संमतीने एक लहान एफडी मोडून त्यांनी त्याच आठवड्यात सगळं बिल मिटवलं.

तुमच्या आकड्यात सांगते. १२,८०० चं बिल एक महिना राहिलं तर पावणेचार टक्क्यांनी ४८० रुपये व्याज आणि ८६ रुपये जीएसटी, एकूण ५६६. तुमचं तीन महिन्यांचं कॅशबॅक एका महिन्यात गेलं. शिवाय मागचं बिल पूर्ण भरलेलं नसलं की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे उद्या घेतलेल्या साखरेवर उद्यापासूनच व्याज. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळं शुल्क. ते कधीच करू नका. व्याजाला कायद्याची मर्यादा आहे असं कुणी सांगितलं तर तेही विसरा. ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज अनुचित ठरवणारा ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला.

म्हणून कार्ड हातात आलं की पहिलं काम, बचत खात्यातून ऑटो-डेबिट लावणं, आणि तेही पूर्ण बिलासाठी. अर्जात तिथे दोन पर्याय असतात, पूर्ण रक्कम आणि मिनिमम. बऱ्याचदा मिनिममवर खूण केलेली असते, ती बदला. दुसरं काम तारखेचं. खासगी शाळांचे पगार कधी ५ तारखेला, कधी १२ तारखेला होतात, हे मला माझ्या शिक्षक पक्षकारांकडून पाठ झालंय. बिल भरायची तारीख ३ असेल तर दर महिन्याला जीव टांगणीला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बिलाचं चक्र निदान एकदा बदलून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. भरणा १५ ते २० च्या दरम्यान येईल असं चक्र मागून घ्या. उशिराचं शुल्क शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लावता येतं. सवय म्हणून नको, पण अडचणीच्या महिन्यात हे माहीत असलेलं बरं.

आणि हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. गेल्या बारा महिन्यांत महिन्याच्या शेवटी खात्यात निदान पंधरा हजार शिल्लक किती वेळा होती? दहा-बारा वेळा असेल तर कार्ड घ्या. चार-पाच वेळाच असेल तर अजून सहा महिने थांबा, आधी तेवढी रक्कम बाजूला पडू द्या. पत्नीच्या शिलाईचे पैसे लग्नसराईत येतात आणि पावसाळ्यात कमी होतात, तेही यात धरा.

पत्नीच्या नावाने कार्ड घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंत. तुमच्या कार्डावर त्यांना जोड कार्ड मिळू शकतं, पण त्याचं देणं आणि नोंद दोन्ही तुमच्या नावावर राहतं. त्यांचं रिटर्न भरलेलं नसल्यामुळे त्यांना स्वतंत्र साधं कार्ड मिळणं अवघड. त्यांच्या नावाने एक एफडी करून तिच्यावर कार्ड घेता येतं. उत्पन्नाचा पुरावा लागत नाही, एफडीवर व्याज चालू राहतं आणि बिलं वेळेवर भरली की सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, त्यांचा स्वतःचा इतिहास तयार होतो. उद्या त्यांना दुसरं मशीन घ्यायला किंवा छोटं दुकान काढायला कर्ज लागलं तर तो इतिहास उपयोगी पडेल. माझ्याकडे येणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या तीन-चार बायकांनी असं केलंय आणि मला त्याचं फार समाधान आहे. पण तुमचं कार्ड सहा महिने नीट चालल्यावर हे करा, एकदम दोन नको.

तुमच्या सिबिलबद्दल एवढंच. चारही एजंटांना कागद देऊन बसू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या अहवालात उमटते, आणि एका महिन्यात चार चौकश्या दिसल्या की पाचवी बँक बिचकते. आधी स्वतःचा अहवाल बघा, वर्षातून एक पूर्ण अहवाल सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून मोफत मिळतो. कार्डाची मर्यादा ६० हजार मिळाली तर वापर १८-२० हजारांच्या आत ठेवा, तुमचा १२,८०० त्यात आरामात बसतो. एक कर सल्लागार म्हणून जोडते, मेव्हण्याचा फ्रिज आणि मित्राचा मोबाईल आपल्या कार्डावर घेऊन कॅशबॅक वाढवू नका. त्यांनी पैसे उशिरा दिले तर व्याज तुमचं. आणि वर्षभरात १० लाखांच्या वर कार्डाची बिलं भरली गेली तर ती माहिती आयकर खात्याकडे जाते. मग ५२ हजार पगारात हे कसं बसवलं, हे समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येते.

आता तुम्ही विचारलेलं "एकच" कार्ड. तुमच्या जागी मी असते आणि किराणा पेठेतून भरत असते, तर पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे जाऊन आजीवन मोफत रुपे क्रेडिट कार्ड आहे का ते आधी विचारलं असतं. पगाराचं खातं असल्यामुळे कागद कमी लागतात आणि आजीवन मोफत करून मागायला तोंड राहतं. विचारताना एक प्रश्न नक्की करा, यूपीआयने केलेल्या खर्चावर कॅशबॅक पूर्ण मिळतं की कमी, आणि महिन्याची कमाल मर्यादा किती? काही कार्डं मशीनवर १ टक्का देतात आणि यूपीआयवर त्याहून कमी. तुमच्या बाबतीत यूपीआयचा आकडाच खरा धरायचा. किराणा डी-मार्टमधून भरत असेन आणि ऑनलाइन खरेदी मुख्यतः अॅमेझॉनवर असेल, तर मी वर सांगितलेलं आयसीआयसीआयचं कार्ड घेतलं असतं आणि विषय संपवला असता. दोन्ही थोडं थोडं असेल तर पहिलं रुपे, कारण तुमच्या यादीत ३,००० च्या ऑनलाइनपुढे ६,५०० चा किराणा मोठा आहे.

मशीन असलेल्या दुकानात "कार्डाला दोन टक्के जास्त पडतील" असं कुणी म्हटलं तर कार्ड खिशात ठेवा आणि नेहमीसारखं बचत खात्यातून यूपीआय करा. १ टक्का मिळवायला २ टक्के देण्यात काही अर्थ नाही. सोनं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हे हमखास ऐकू येतं.

कार्ड आल्यावर अॅपमध्ये परदेशातले व्यवहार बंद ठेवा, टॅप करून पैसे देण्याची सोय लागत नसेल तर तीही बंद. "तुमचं कार्ड अपग्रेड करतो" असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवलं आणि चूक तुमची नसेल तर भुर्दंड तुमच्यावर येत नाही. कार्ड पटलं नाही तर सगळं बिल भरून बंद करायला सांगा. थकबाकी नसेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, त्यापुढे दर दिवसाला ५०० रुपये दंड तिला तुम्हालाच द्यावा लागतो. ती विनंती ईमेलवर करा, म्हणजे तारीख हातात राहते.

पुढच्या वेळी किराणा भरायला जाल तेव्हा गल्ल्यावरचा क्यूआर स्कॅन करून नाव दुकानाचं येतं की माणसाचं, एवढं बघून या. मग बँकेत जाऊन ते एक पानी पत्रक घ्या. दोन्ही कळवलंत, तर त्या पानावरच्या नेमक्या कोणत्या ओळी तुमच्या हिशेबाला लागतात ते मी सांगेन.